वास येत नाही आणि लैंगिक तक्रारही आहे? तपासणी या क्रमाने करा

नाकाचा आणि पुरुषाच्या लैंगिक आरोग्याचा काहीतरी संबंध असतो, हे एकदा कानावर पडलं की बहुतेक जण दोनपैकी एका वाटेला लागतात. काही जण ‘फेरोमोन’वालं, म्हणजे वासातून जोडीदाराला ओढून घेतं म्हणतात तसलं, अत्तर मागवतात. काही जण ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून, नाहीतर भिंतीवर नंबर रंगवलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडून टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन टोचून घेतात. अत्तरात फक्त पैसे जातात. माणसावर चालणारं असं फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही. इंजेक्शनाचं नुकसान मोठं आहे. खरं निदान झाकलं जातं आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. मूल हवं असलेल्या जोडप्याला ते भरून काढायला महिनोन्‌महिने लागतात.

म्हणून खाली क्रम दिला आहे. मधला टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्यातला रिपोर्ट चुकीचा वाचला जाईल, हे धरून चाला.

## टप्पा १ : ‘कधीपासून?’ हे आधी ठरवा

सगळी पुढची वाट या एका प्रश्नावर फुटते.

जन्मापासूनच वास नाही. आईच्या पोटात असताना वयात येण्याचा इशारा देणाऱ्या पेशी बाळाच्या नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या नसांचा आधार घेत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत सरकतात. तिथे त्या जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतात. वासाच्या नसांची वाटच नीट तयार झाली नाही, तर या पेशी मध्येच अडकतात. वासही नाही आणि वयात येण्याचा इशाराही नाही. यालाच कॉलमन सिंड्रोम म्हणतात. साधारण ३० हजार पुरुषांत एकाला तो असतो असं मानलं जातं. दुर्मीळ आहे, पण औषधाला नीट दाद देणारा आहे. म्हणूनच तो वर्षानुवर्षं निसटला की वाईट वाटतं.

आधी येत होता, नंतर गेला. कारणं अशी : सर्दी, कोविड, नाकातले पॉलिप (मराठीत आपण ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतो), डोक्याला मार, धूम्रपान, कारखान्यातली रसायनं, वय, आणि कधी पार्किन्सनसारखा मेंदूचा आजार.

वास येतो, पण भलताच येतो. कॉफी जळक्या रबरासारखी, कांदा सडल्यासारखा, बायकोच्या केसांचा ओळखीचा वास अचानक नकोसा. याला पॅरॉस्मिया म्हणतात. विषाणूमुळे वास गेल्यावर तो परतताना हे पुष्कळदा होतं.

इथे होणारी चूक : ज्याला जन्मापासून वास येत नाही, त्याला ते ठाऊकच नसतं. आई गजरा नाकाशी धरून ‘छान वास आहे ना?’ म्हणते आणि पोरगं मान डोलावतं. शाळेत कुणाचा डबा उघडला की सगळे ‘अरे वा’ म्हणतात, तोही म्हणतो. वीस वर्षांनी डॉक्टर विचारतात, ‘वास येतो का?’ उत्तर येतं, ‘हो, येतो की.’ चव लागते ना, म्हणजे वासही येत असणार, अशी त्याची समजूत असते. त्यामुळे तोंडी उत्तरावर विसंबू नका. चाचणी करा.

## टप्पा २ : घरच्या घरी वासाची चाचणी

ही ढोबळ चाचणी आहे, दवाखान्यातली नव्हे. पण नीट केली तर डॉक्टरांसमोर ठेवायला काहीतरी ठोस हाती येतं.

तयारी. सर्दी असेल तर ती जाऊ द्या, वर एक आठवडा थांबा. चाचणीच्या आधी तासभर चहा, तंबाखू, मशेरी, सिगरेट, माऊथवॉश काही नको. खोलीत अगरबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी चालू नको. सारख्या आकाराच्या सहा छोट्या डब्या घ्या. पाचांत कॉफी पावडर, कुटलेली वेलची, अत्तर लावलेला कापूस, पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि सुकटीची चिमूट (शाकाहारी घरात हिंग चालेल). सहावी डबी रिकामी ठेवा. रिकामी डबी विसरू नका, खरी परीक्षा तिचीच आहे.

१. डोळ्यांवर रुमाल बांधा. डब्या दुसऱ्याने उघडायच्या, त्याच्याच मनाच्या क्रमाने.

२. एक नाकपुडी बोटाने हलकेच बंद करा. डबी नाकापासून दोन बोटं लांब धरून दोनदा हुंगा.

३. प्रत्येक डबीला तीन प्रश्न : काही वास आला का? ओळखीचा आहे का? कशाचा आहे? तिन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. ‘आला, पण नाव आठवत नाही’ आणि ‘आलाच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. दोन डब्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. मग दुसरी नाकपुडी, क्रम बदलून.

५. रिकाम्या डबीला ‘आला’ म्हटलं असेल, तर बाकीच्या उत्तरांत अंदाजपंचे किती आहे ते कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

थांबा : व्हिक्स, कापूर, अमोनिया, पुदिना, मिरची, निलगिरी हे तपासायला वापरू नका. त्यांचा झोंबणारा, थंडगार भाग चेहऱ्याच्या वेगळ्या नसेला, ट्रायजेमिनलला, जाणवतो. वासाची नस पूर्ण नसलेला माणूसही व्हिक्स हुंगून डोळ्यांत पाणी आणेल आणि घरचे म्हणतील, ‘बघ, येतोय की वास.’ निदान चुकवणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

तपासून पाहा : एकाच नाकपुडीला वास येत नाही का? असेल तर ते वेगळं लिहा. एका बाजूला वाकलेला नाकाचा पडदा किंवा पॉलिप असू शकतो, क्वचित कवटीच्या तळाशी हळूहळू वाढणारी गाठही असते. डोक्याला मार लागल्यानंतर वाकलं की एका नाकपुडीतून पाण्यासारखा, खारट द्राव येत असेल, तर घरची चाचणी वगैरे सोडा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो मेंदूभोवतीचा द्राव असू शकतो.

## टप्पा ३ : लैंगिक तक्रार नेमकी कोणती, ते कागदावर आणा

‘कमजोरी आहे’ या शब्दाने कुठल्याही डॉक्टरला काहीच कळत नाही. चार गोष्टी वेगळ्या करा :

- इच्छा होत नाही.
- इच्छा होते, पण ताठरता येत नाही किंवा टिकत नाही.
- वीर्य फारच कमी येतं किंवा येतच नाही, अथवा मूल होत नाही.
- मुळात वयात येणंच अर्धवट राहिलं : दाढीमिशी विरळ, आवाज बारीक, अंगावर केस नाहीत, वृषण लहान.

चौथी गोष्ट आणि जन्मापासून वास नसणं, ही जोडी दिसली तर पुढचं सगळं हार्मोनच्या वाटेने जाईल. दुसरी गोष्ट एकटीच असेल, तर गाडी बहुधा दुसरीकडे, साखर आणि रक्तवाहिन्यांकडे वळेल. पहाटेची ताठरता येते का, हेही लिहा. ताठरतेसाठी आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची छापील प्रश्नावली असते. २५ पैकी २१ किंवा त्याहून कमी गुण आले तर तक्रार खरी धरतात.

आता औषधांची यादी, आणि ही लिहिताना कंटाळा करू नका. पित्ताच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलसोबत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन (बाळंतिणीत दूध आणणारं हार्मोन, पुरुषांतही थोडं असतं) वाढवतात. प्रोलॅक्टिन वाढलं की इच्छा मरते, ताठरता जाते. महिनोन्‌महिने रोज उपाशीपोटी ‘गॅसची गोळी’ घेणारे कितीतरी जण आहेत आणि डॉक्टरने औषधं विचारली की ती सांगायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. ‘ते काय औषध आहे होय!’ असं त्यांना वाटतं. मनोविकाराची काही औषधं, टक्कल थांबवायचं फिनास्टेराइड, अफूजन्य वेदनाशामकं, जिममध्ये कुणी दिलेली इंजेक्शनं, ‘शिलाजीत’ नावाची बिनलेबलाची पूड, सगळं लिहा. स्ट्रिप सोबत न्या. नाव सांगण्यापेक्षा ती समोर ठेवणं सोपं.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी तरुण-तरुणींवर केलेल्या अभ्यासात ज्यांचं नाक जास्त तिखट, त्यांना संबंधांतलं सुख जास्त वाटत असल्याचं आढळलं. इच्छेचा मात्र नाकाशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे कोविडने वास गेला आणि ताठरताही गेली, तर सगळं खापर नाकावर फोडू नका. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार तिथे आधी दिसतो. चाळिशीपुढच्या माणसाने ताठरतेसाठी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासलंच पाहिजे.

## टप्पा ४ : आधी कोणता डॉक्टर?

जन्मापासून वास नाही, वयात येणं अपुरं : एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. मुंबईत केईएमसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हा विभाग वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यात नसेल तर फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या.

नंतर वास गेला : आधी कान-नाक-घसा. दुर्बिणीने नाकाच्या वरच्या फटीपर्यंत पाहिल्याशिवाय ‘नस गेली’ हा निष्कर्ष मान्य करू नका.

डोक्याला मार लागून वास गेला : दोन्ही. दुचाकीवरून पडल्यावर मेंदू हिंदकळतो, तेव्हा चाळणीसारख्या हाडातून जाणारे वासाचे बारीक धागे तुटतात. त्याच हिसक्यात मेंदूखालच्या, बाकी ग्रंथींना हुकूम देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीलाही इजा होऊ शकते. वास गेला, थकवा राहिला, इच्छा संपली, आणि घरचे म्हणतात ‘अपघाताचा धक्का बसलाय’. बसलाही असेल. पण हार्मोन तपासल्याशिवाय तसं म्हणू नका.

पन्नाशीनंतर हळूहळू वास गेला, सोबत जुनी बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, आणि ताठरतेची तक्रार : न्यूरॉलॉजिस्ट. ही चौकडी पार्किन्सनच्या कंपाआधी काही वर्षं दिसू शकते. एकटा वास जाण्याची कारणं मात्र बहुधा साधी असतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर जीभ जड होते, म्हणून वाक्य घरीच पाठ करा : ‘डॉक्टर, मला लहानपणापासून वास येत नाही. घरी डब्या हुंगून पाहिल्या, हा कागद. दाढी महिन्यातून एकदा करावी लागते. मला कॉलमनची शक्यता तपासून घ्यायची आहे. आणि अजून मूल व्हायचंय.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावर उपचार बदलतो.

मुलाच्या आईवडिलांसाठी : चौदाव्या वर्षापर्यंत वृषणांची वाढ सुरू झाली नसेल, तर मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे किंवा हार्मोनच्या डॉक्टरकडे न्या. ‘आमच्या घराण्यातच उशिरा येतात’ हे खरं असू शकतं, तेच जास्त वेळा खरं असतं. पण सोबत वास येत नसेल, जन्मतः वृषण खाली उतरले नसतील, ओठ फाटलेला असेल, एक मूत्रपिंड नसेल, ऐकू कमी येत असेल किंवा एका हाताने लिहिताना दुसऱ्या हाताची बोटंही तशीच हलत असतील, तर वाट पाहत बसू नका. घरी मोजमाप, तपासणी काही करू नका. मुलाला आधी नीट सांगा, त्याच्यासमोर नातेवाइकांत चर्चा नको. तपासणी डॉक्टरच करतील. वेगवेगळ्या आकाराच्या लंबगोल मण्यांची माळ असते, तिच्याशी ताडून वृषणांचं आकारमान ठरवतात. ४ मिलिलिटरच्या खाली म्हणजे वयात येणं सुरू झालेलं नाही.

## टप्पा ५ : रक्त देण्याची तयारी

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण संध्याकाळी ऑफिसातून येताना लॅबमध्ये शिरून टेस्टोस्टेरॉन दिलं जातं.

१. वेळ सकाळी ७ ते १०. पोट रिकामं. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवसभरात उतरतं; जेवणानंतरही कमी दिसतं.

२. ताप, डेंगी, ऑपरेशन, रात्रपाळीचा आठवडा यांनंतर लगेच नको. तब्येत सावरू द्या.

३. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्याने हार्मोनचे आकडे खोटे येतात.

४. एकाच वेळी मागा : एकूण टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीकडून वृषणांना हुकूम देणारी दोन हार्मोनं), प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), सकाळचं कॉर्टिसॉल (ताण पेलणारं हार्मोन), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातलं लोह). कॉर्टिसॉल विशेषतः डोक्याला मार लागलेल्यांनी सोडू नये.

५. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर वेगळ्या दिवशी, त्याच लॅबमध्ये पुन्हा. एका रिपोर्टवर आयुष्यभराचं औषध सुरू होत नसतं.

थांबा : या टप्प्याआधी टेस्टोस्टेरॉनचा एकही डोस घेतला असेल तर डॉक्टरांना सांगा. बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन एलएच आणि एफएसएच दाबून टाकतं. मग रिपोर्ट हुबेहूब कॉलमनसारखा दिसतो, आणि माणूस नसलेल्या आजाराचा रुग्ण ठरतो.

## टप्पा ६ : रिपोर्ट वाचताना

आधी टेस्टोस्टेरॉन. प्रौढ पुरुषात ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली, दोनदा, आणि सोबत लक्षणं असतील तर कमी धरतात. नुसता आकडा कमी आहे आणि तक्रार काहीच नाही, तर उपचाराची घाई नको.

मग एलएच आणि एफएसएच. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन चढलेले, तर बिघाड वृषणांत आहे : पूर्वी कधी गालफुगीत वृषण सुजले असतील, क्लाइनफेल्टर (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असेल. तिथे वासाचा संबंध नाही. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन कमी, तर वरून, म्हणजे मेंदूकडून, हुकूमच येत नाही.

आता फसवी जागा. टेस्टोस्टेरॉन ८०, एलएच २.१, आणि लॅबने एलएचसमोर काही खूण केलेली नाही, कारण तो ‘नॉर्मल रेंज’मध्ये आहे. लोक म्हणतात, ‘एलएच तर ठीक आहे.’ ठीक नाही! टेस्टोस्टेरॉन एवढं खाली गेल्यावर एलएच वर उसळायला हवा होता. घरात आग लागलीय आणि रखवालदार नेहमीच्या आवाजात बोलतोय, तसला हा नॉर्मल. हे आकडे एकेकटे न वाचता जोडीनेच वाचायचे.

प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं असेल तर टप्पा ३ मधली गोळ्यांची यादी पुन्हा काढा. डॉक्टरांना विचारून ती गोळी बंद करा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. बरेच जण इथेच बरे होतात.

## टप्पा ७ : एमआरआय आणि बाकीच्या तपासण्या

एमआरआय सरसकट लागत नाही. जन्मापासून वास नसून हार्मोन कमी असतील, प्रोलॅक्टिन फार चढलेलं असेल, टेस्टोस्टेरॉन अगदीच तळाला असेल, डोकेदुखी असेल, किंवा चालताना बाजूचं दिसत नसेल तर लागतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहून चालत नाही. वासाचे गोळे, म्हणजे ओल्फॅक्टरी बल्ब, फार लहान असतात. त्यांच्यासाठी समोरून घेतलेले बारीक काप लागतात, आणि पिट्युटरीचेही. डॉक्टरांना तसं चिठ्ठीवर लिहायला सांगा. नाहीतर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात. उलट बाजूही आहे : कॉलमन असलेल्या काहींचे बल्ब स्कॅनमध्ये दिसतातही, त्यामुळे एकट्या एमआरआयवर निकाल लावत नाहीत.

कॉलमनची शक्यता ठरली की पोटाची सोनोग्राफी (दोन्ही मूत्रपिंडं आहेत का), ऐकण्याची चाचणी आणि हाडांची घनता. हाडं लोक विसरतात. टेस्टोस्टेरॉनविना गेलेल्या वर्षांत ती भुसभुशीत होतात आणि तिशीतच मणका दाबला जाऊ शकतो. जनुक तपासणी जमली तर उत्तम. आजार कुटुंबात कसा उतरतो, ते त्यावर कळतं.

## टप्पा ८ : जन्मजात असेल तर उपचार

हा टप्पा सुरू होण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे : मूल आत्ता हवं आहे, की पुढे कधीतरी?

आत्ता नको. टेस्टोस्टेरॉन. इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांचं किंवा सुमारे तीन महिन्यांचं मिळतं, जेलही मिळते. मुलांत अगदी थोड्या डोसने सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवत नेतात. दाढी, आवाज, स्नायू, इच्छा, ताठरता हळूहळू येतात. वृषण मात्र त्याने वाढत नाहीत आणि वास परत येत नाही. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नसेल तर वर्षभराने फार निराशा होते. जेल लावली असेल तर ती सुकेपर्यंत बायको-मुलांच्या अंगाला लागू देऊ नका.

मूल हवं. टेस्टोस्टेरॉन थांबवून एचसीजीची (एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, आठवड्यातून दोन-तीनदा. मग गरजेनुसार एफएसएच. शुक्राणू दिसायला सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. सहाव्या महिन्यात शून्य आला म्हणून सोडणारे बरेच असतात, आणि ते चुकतात. वृषण सुरुवातीला फारच लहान असतील किंवा लहानपणी उतरले नसतील, तर वेळ जास्त लागतो. संख्या कमी असतानाही गर्भ राहिल्याची उदाहरणं या रुग्णांत नेहमी दिसतात.

वीर्य तपासणीला जाण्याआधी दोन ते सात दिवस अंतर ठेवा. नमुना पूर्ण द्या. पहिला भाग सांडला तर लॅबला सांगा, कारण शुक्राणू तिथेच जास्त असतात. घरून नेत असाल तर तासाभरात, खिशात अंगाच्या उबेला धरून.

तपासून पाहा : टेस्टोस्टेरॉनवर असताना हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांवर गेलं तर डोस थांबवावा लागतो. घोरणं वाढलं असेल तर सांगा. काही जणांत, दहातल्या एखाद-दुसऱ्यात, शरीराची स्वतःची हार्मोनची व्यवस्था पुढे आपोआप सुरू होते. म्हणून डॉक्टर मधूनच औषध थांबवून रक्त पाहतात. ते तुम्ही स्वतः करायचं नाही.

## टप्पा ९ : नंतर गेलेला वास परत आणताना

नाकात पॉलिप किंवा सूज असेल तर स्टिरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने धुणं. स्प्रे मारताना मान पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, बाटलीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. फार जोरात ओढलात तर औषध घशात जातं. फरक दिसायला दोन आठवडे द्या. नाक उघडणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त नकोत, त्यांची सवय लागून नाक आणखी बंद होतं.

थांबा : जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाचं, विहिरीचं, टाकीचं थेट नको. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जातो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. जस्ताचे नाकातले स्प्रे किंवा जेल परदेशातून मागवू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यांच्यामुळे वास कायमचा जाऊ शकतो म्हणून इशारा दिला होता.

विषाणूने वास गेला असेल तर वासाचा सराव. लोक हा उदबत्ती ओवाळल्यासारखा करतात आणि दहा दिवसांत सोडतात. नीट असा :

१. चार बाटल्या : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. (तपासणीला निलगिरी चालत नाही, सरावाला चालते.) कापसावर थेंबभर तेल, झाकण घट्ट.

२. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपण्याआधी. प्रत्येक बाटली सुमारे २० सेकंद, हलके छोटे हुंगे. दीर्घ श्वास नको.

३. हुंगताना तो वास आठवा. लिंबू असेल तर आजीच्या लोणच्याची बरणी, लवंग असेल तर दातदुखीला लावलेला बोळा. विचित्र वाटेल, पण लक्ष तिथे असायला हवं.

४. किमान १२ आठवडे, शक्य तर सहा महिने. दर महिन्याला टप्पा २ ची चाचणी त्याच डब्यांनी.

तेल दोन-तीन महिन्यांनी बदला, उडून जातं. मध्येच लिंबू घाण वाटू लागला तर बरेचदा ती नसा पुन्हा जुळत असल्याची खूण असते.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल घेणाऱ्यांचं नाक त्या गोळीने कधीकधी चोंदतं, त्यामुळे त्या रात्री वास कमी आला तर नस बिघडल्याचा ग्रह करून घेऊ नका. आणि छातीत दुखण्यासाठी जिभेखालची किंवा रोजची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिल, टॅडालाफिल यांना हातही लावू नका. रक्तदाब जीवघेणा खाली जातो.

## टप्पा १० : दोघांत

वास न येणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती स्वतःच्या अंगाची असते. मग तो दिवसातून तीनदा आंघोळ करतो, डिओ फवारतो, कधी लिंगाच्या त्वचेवरही. तिथे सुगंधी साबण, अत्तर, सोडा काही नको. खाज येते, त्वचा सोलते, आणि संबंध दुखरे होतात. त्वचा मागे घेऊन साध्या पाण्याने धुणं पुरतं. ती मागे जातच नसेल तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.

बायकोला एकदाच स्पष्ट सांगा : ‘मला कळत नाही, तू सांगत जा. वाईट वाटणार नाही मला.’ ती ‘काही वास येत नाही हो’ म्हणाली आणि तरी मन मानत नसेल, दिवसाचे तास त्यातच जात असतील, तर ती तक्रार नाकाची राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञ त्यावर उपचार करतात.

पॅरॉस्मिया असलेल्याने जोडीदाराला ‘तुझा वास सहन होत नाही’ असं म्हणू नये. ‘माझं नाक सध्या सगळंच उलटं दाखवतंय’ म्हणावं. दोघांनी बिनवासाचा साबण वापरावा. कांदा-लसणाची फोडणी आणि जवळीक यांत काही तास जाऊ द्यावेत, पंखा चालू, खिडकी उघडी. स्पर्श, आवाज, उजेड यांकडे जास्त लक्ष द्या. ज्यांना वास कधीच आला नाही अशी जोडपी हे आपापलं शोधून काढतात. ज्यांचा नुकताच गेला आहे त्यांना काही महिने अवघड जातात.

एवढं सगळं करण्याआधी, आजच, स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म लावा. अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगडीच्या बाजूला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. गळती वाटली तर बटण, काडी, पंखा काही नको, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. दुधाच्या पिशवीवर आणि उरलेल्या भाजीच्या डब्यावर पेनाने तारीख घाला.